हायस्कूल बेसबॉलचे कोच होण्यापूर्वी : अमेरिकेतील नवोदितांसाठी क्रमवार मार्गदर्शन

न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्निया अशा राज्यांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुले आता हायस्कूलच्या बेसबॉल संघांत दिसू लागली आहेत आणि त्यांच्यामागोमाग काही पालक व शिक्षकही सहायक कोच म्हणून मैदानात उतरू लागले आहेत. लिटल लीगमध्ये (लहान मुलांच्या बेसबॉलमध्ये) दोन-तीन वर्षे मदत केलेल्या माणसाला हायस्कूलचे काम त्याचीच पुढची पायरी वाटते. जाहिरातीतही ‘वसंत ऋतूतील हंगाम, शाळा सुटल्यानंतर दोन-तीन तास’ एवढेच लिहिलेले असते. प्रत्यक्षात मुलांना खेळ शिकवण्याचा वेळ हा या कामाचा लहान भाग आहे. दुसऱ्यांच्या मुलांच्या शरीराची जबाबदारी, कागदपत्रे, मैदानाची देखभाल, निवड आणि पालकांशी संवाद यांतच बहुतेक शक्ती खर्च होते, आणि हे सारे पहिल्या सामन्याच्या आधी मार्गी लावावे लागते. न्यू जर्सीत हे काम करताना जे कळले ते येथे क्रमाने मांडत आहे. इतर राज्यांतील वाचकांनी तपशील आपापल्या राज्याच्या नियमांशी ताडून पाहावेत.

१. आधी राज्य संघटनेची नियमावली वाचा

हायस्कूल बेसबॉलचे खेळाचे नियम इंडियानापोलिस येथील एनएफएचएस ही राष्ट्रीय संस्था लिहिते. मात्र सराव कधी सुरू करायचा, किती सामने खेळायचे, एका पिचरने किती चेंडू टाकायचे आणि हंगामाबाहेर मुलांसोबत काय करता येते, हे सारे राज्याची संघटना ठरवते. न्यू जर्सीत ती एनजेएसआयएए, कॅलिफोर्नियात सीआयएफ आणि टेक्सासात यूआयएल आहे.

सर्वांत जास्त नवे कोच अडकतात ते हंगामाबाहेरच्या सरावात. हिवाळ्यात व्यायामशाळेत घेतलेला सराव ऐच्छिक असेल, तर तो खरोखरच ऐच्छिक असला पाहिजे. तेथे कोण आला आणि कोण आला नाही याची नोंद निवडीच्या वेळी पुढे आली, तर तक्रार होते आणि ती रास्त असते.

दूरदर्शनवर मेजर लीग, म्हणजे व्यावसायिक बेसबॉल, पाहून खेळ शिकलेल्या माणसाने नियमपुस्तक नव्याने वाचावे. हायस्कूलचा सामना सात इनिंगचा असतो. सुरुवातीच्या नऊ जणांपैकी बाहेर काढलेला खेळाडू फलंदाजीच्या क्रमातील आपल्याच जागी एकदा परत येऊ शकतो. राज्याने परवानगी दिली असल्यास पिचर आणि कॅचर यांच्याऐवजी दुसरा मुलगा धावक म्हणून पाठवता येतो. पिचरकडून बॉक (बेसवर धावक असताना केलेली नियमबाह्य हालचाल) झाला की चेंडू त्याच क्षणी मृत होतो, मेजर लीगप्रमाणे खेळ पुढे चालू राहत नाही. धावकाने क्षेत्ररक्षकाला हेतुपुरस्सर धडक दिली तर तो बाद होतोच, शिवाय सामन्याबाहेरही जातो. हे फरक मुलांना सरावातच दाखवले पाहिजेत, कारण सामन्यात अंपायर समजावून सांगण्यासाठी थांबत नाही.

२. कागदपत्रे : स्वतःची आणि मुलांची

शाळेच्या बोर्डाने बैठकीत तुमच्या नेमणुकीला मंजुरी दिल्याशिवाय मैदानावर पाऊल ठेवू नका. मंजुरीची बैठक महिन्यातून एकदा असू शकते, म्हणून वसंत ऋतूच्या पदासाठी थंडी सुरू होण्यापूर्वीच अर्ज करावा. साधारणपणे पुढील गोष्टी लागतात :

– बोटांच्या ठशांसह पार्श्वभूमी तपासणी
– सीपीआर (हृदय थांबल्यास छाती दाबून द्यायचा उपचार), प्रथमोपचार आणि एईडी (हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र) वापरण्याचे वैध प्रमाणपत्र
– मेंदूला बसणारा मार आणि अचानक हृदयक्रिया थांबणे या विषयांवरील अभ्यासक्रमांची प्रमाणपत्रे (एनएफएचएसच्या संकेतस्थळावर हे दोन्ही विनामूल्य आहेत)
– कोचिंगच्या मूलतत्त्वांचा अभ्यासक्रम, जो अनेक राज्यांत सक्तीचा आहे
– बालकांवरील अत्याचाराची माहिती कळवण्याच्या कायदेशीर जबाबदारीचे प्रशिक्षण
– शाळेत नोकरीला नसाल तर राज्यानुसार लागणारा परवाना किंवा पर्यायी शिक्षकाचे प्रमाणपत्र
– अमेरिकेत काम करण्याच्या अधिकाराचा पुरावा

शेवटच्या बाबीकडे आपल्या मंडळींनी विशेष लक्ष द्यावे. एच-१बी व्हिसावर असलेल्या व्यक्तीला ज्या कंपनीने व्हिसा काढला आहे तिच्याचकडे काम करता येते. शाळेचे मानधन थोडे असले तरी ते वेतनच आहे आणि ते स्वीकारणे म्हणजे विनापरवाना काम करणे होय. ‘मग पैसे न घेता करतो’ असे म्हणूनही प्रश्न सुटेलच असे नाही, कारण एरवी मानधनाचे असलेले पद फुकट सांभाळणेही अडचणीचे ठरू शकते. इमिग्रेशन वकिलाला विचारूनच पुढे जावे. शाळेतील कर्मचाऱ्यांना या बाबतीत पुरेशी माहिती असेलच असे नाही.

मुलांच्या बाजूने वैद्यकीय तपासणीचा वैध दाखला, पालकांची संमती, मेंदूच्या माराविषयीची सही केलेली माहितीपत्रिका, आणीबाणीच्या वेळी संपर्क साधण्याचे कार्ड आणि गुणांची पात्रता हे सारे लागते. टेक्सासात १९८४ पासून ‘नापास तर खेळ नाही’ हा कायदाच आहे आणि इतरत्रही गुणांची काही ना काही अट असते. आणीबाणीची कार्डे जलरोधक पाकिटात घालून प्रत्येक सरावाला आणि प्रत्येक सामन्याला सोबत न्यावीत. कोणाला दम्याचा पंप लागतो आणि कोणाला मधमाशीच्या दंशाची तीव्र अॅलर्जी आहे, हे पाठ असले पाहिजे. ही माहिती कार्यालयाच्या कपाटात राहिली, तर दूरच्या मैदानावर तिचा काहीही उपयोग नाही.

३. पिचरचा हात सर्व गोष्टींच्या आधी

या लेखातील एकच भाग वाचायचा असेल तर हा वाचावा.

एनएफएचएसने २०१७ च्या हंगामापासून प्रत्येक राज्याला पिच काउंटचा, म्हणजे टाकलेल्या चेंडूंच्या संख्येवर आधारित मर्यादेचा नियम करायला लावला. त्यापूर्वी बहुतेक ठिकाणी इनिंग मोजल्या जात. परंतु एका इनिंगमध्ये नऊ चेंडू पडू शकतात आणि पस्तीसही, त्यामुळे ते मोजमाप हाताच्या दृष्टीने निरर्थक होते. राज्याराज्यांचे आकडे वेगळे आहेत. मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेली ‘पिच स्मार्ट’ ही मार्गदर्शक तत्त्वे आधाराला घेण्याजोगी आहेत. त्यांनुसार १५-१६ वर्षांच्या मुलाने दिवसाला ९५ आणि १७-१८ वर्षांच्या मुलाने १०५ पेक्षा जास्त चेंडू टाकू नयेत. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने ३१ ते ४५ चेंडू टाकले तर एक दिवस, ४६ ते ६० टाकले तर दोन दिवस, ६१ ते ८० टाकले तर तीन दिवस आणि त्यापुढे गेल्यास चार दिवस विश्रांती घ्यावी. वर्षातून किमान चार महिने स्पर्धात्मक पिचिंग बंद असावे आणि त्यांपैकी सलग दोन-तीन महिने चेंडू फेकणेच बंद असावे, हीदेखील त्यांची शिफारस आहे.

तुमच्या राज्याची मर्यादा यापेक्षा सैल असली तरी ती गाठण्याचे बंधन नाही. मर्यादा म्हणजे ज्यापुढे शिक्षा होते तो आकडा; मुलाचा हात त्याच्या कितीतरी आधी थकू शकतो.

आकड्यांच्या बाहेर राहणाऱ्या चेंडूंचा हिशेबही तुम्हालाच ठेवायचा आहे. बुलपेनमध्ये शरीर तापवताना टाकलेले चेंडू, प्रत्येक इनिंगपूर्वीचे सरावाचे चेंडू आणि बेसवरच्या धावकाला रोखण्यासाठी केलेल्या फेकी अधिकृत संख्येत येत नाहीत. त्याहून मोठी गळती रविवारी होते. शुक्रवारी शाळेसाठी ८० चेंडू टाकलेला मुलगा रविवारी ट्रॅव्हल संघाकडून, म्हणजे शाळेबाहेरच्या खाजगी संघाकडून, पुन्हा पिचिंग करतो आणि सोमवारी काहीच न सांगता सरावाला येतो. यासाठी हंगामाच्या सुरुवातीलाच पालकांशी लेखी ठरवावे आणि दर सोमवारी प्रत्येक पिचरला थेट विचारावे की शनिवार-रविवारी कोठे, किती चेंडू टाकले. पिचिंग करून झालेल्या मुलाला त्याच दिवशी कॅचरच्या जागी बसवू नये. कॅचरही जवळपास पिचरइतक्याच वेळा चेंडू फेकत असतो.

सामन्यात मोजणीसाठी दुसरे कोणतेही काम नसलेला एक माणूस नेमावा, त्याच्या हातात क्लिकर द्यावा आणि प्रत्येक इनिंगनंतर प्रतिस्पर्धी संघाच्या मोजणीशी आकडा जुळवून घ्यावा. सामना संपल्यावर वाद झाला तर कोणालाही खात्रीने काही सांगता येत नाही, आणि मर्यादा ओलांडल्याबद्दल अनेक राज्यांत सामनाच गमवावा लागतो. ज्युनियर व्हर्सिटी (शाळेच्या दुय्यम) संघासाठी मंगळवारी टाकलेले चेंडू गुरुवारच्या व्हर्सिटी (मुख्य संघाच्या) सामन्यातही धरले जातात, म्हणून शाळेच्या सर्व संघांची नोंद एकाच वहीत असावी.

आकडा काय म्हणतो याबरोबरच डोळ्यांना काय दिसते तेही पाहावे. थकलेल्या पिचरचे कोपर खांद्याच्या रेषेखाली उतरू लागते, चेंडू गुडघ्याच्या उंचीवरून छातीच्या उंचीवर येऊ लागतात, दोन चेंडूंमधला वेळ वाढतो, तो माउंडमागे (पिचर उभा राहतो त्या मातीच्या उंचवट्यामागे) फिरून येतो आणि हात झटकतो. विचारले तर मुलगा ‘मी ठीक आहे’ असेच म्हणणार, कारण सोळाव्या वर्षी दुसरे काही म्हणणे त्याला कमीपणाचे वाटते. निर्णय त्याच्यावर सोपवू नका. कोपराच्या आतल्या बाजूला दुखते असे कोणी सांगितले, तर त्या दिवसापासून फेकणे बंद करून डॉक्टरांकडे पाठवावे. डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ मध्ये डॉजर्स संघाचे पिचर टॉमी जॉन यांच्या कोपरातील अस्थिबंधाच्या जागी त्यांच्याच दुसऱ्या हातातील कंडरा बसवली, तेव्हापासून ती शस्त्रक्रिया त्या खेळाडूच्या नावाने ओळखली जाते. तिच्यातून पूर्ण सावरायला वर्ष-दीड वर्ष लागते. शस्त्रक्रियेनंतर चेंडूचा वेग वाढतो असा समज काही पालकांत आहे. तो चुकीचा आहे आणि हे त्यांना स्पष्ट शब्दांत सांगणे कोचचे कर्तव्य आहे.

नियोजनाच्या दृष्टीनेही विचार करावा. ईशान्येकडील राज्यांत एप्रिलमध्ये पाऊस पडतो, सामने पुढे ढकलले जातात आणि मग एका आठवड्यात चार-पाच सामने येतात. त्या आठवड्यात दोन उत्तम पिचर असून भागत नाही. अचूक चेंडू टाकू शकणारी सहा-सात मुले लागतात. ती हिवाळ्यातच तयार करावी लागतात.

४. मैदान तुमचेच आहे असे समजा

फुटबॉल किंवा बास्केटबॉलच्या कोचला हे काम सहसा पडत नाही. बेसबॉलमध्ये मात्र मातीच्या भागाची देखभाल बहुतेक शाळांत कोच आणि मुलेच करतात. माउंडची उंची होम प्लेटपेक्षा (फलंदाजाजवळच्या पट्टीपेक्षा) १० इंच जास्त असते आणि रबराच्या (पिचर पाय ठेवतो त्या पट्टीच्या) पुढे सहा इंचांपासून तो दर फुटाला एक इंच या प्रमाणात उतरत जातो. पिचरचा पुढचा पाय जेथे पडतो तेथे प्रत्येक सामन्यात खड्डा पडतो. त्यात कोरडी माती ढकलून वरून पाय फिरवला तर पुढच्या सामन्यात दुसऱ्याच इनिंगला तो पुन्हा उघडतो आणि मुलाचा घोटा मुरगळतो. सुटी माती आधी झाडून काढावी, खड्डा ओलसर करावा, माउंडची चिकणमाती थरांनी भरून धुमसाने ठोकावी आणि वर ताडपत्री टाकावी. हे सामना संपल्याबरोबर केले तर थोडक्यात होते, दुसऱ्या दिवशी माती सुकल्यावर त्याचे कष्ट दुप्पट होतात.

मातीवर जाळी ओढताना ती गवताच्या कडेपर्यंत नेऊ नये, थोडी अलीकडेच थांबवावी. कडेशी माती साचून उंचवटा तयार झाला की जमिनीवरून येणारा चेंडू तेथे उसळून क्षेत्ररक्षकाच्या तोंडावर जातो. पाऊस पडल्यावर पाण्याची डबकी झाडूने पसरवणे मोहाचे वाटते, पण त्याने चिखल वाढतो. पाणी स्पंजने किंवा हातपंपाने काढावे आणि मगच पाणी शोषणारी भाजलेली माती टाकावी.

लागणारे साहित्य : लोखंडी दाताळे, धुमस, ओढण्याची जाळी, खडूची गाडी, सुतळी व खुंट्या, माउंड आणि होम प्लेटसाठी ताडपत्र्या, पाणी शोषणाऱ्या मातीच्या पिशव्या, क्षेत्ररक्षणाच्या सरावासाठी लांब व हलकी फंगो बॅट, आणि फलंदाजीच्या सरावात चेंडू टाकणाऱ्यासमोर ठेवायचा एल आकाराचा पडदा. पडदा फाटका असेल तर तो बदलेपर्यंत सराव थांबवावा. २००७ मध्ये मायनर लीगमधील पहिल्या बेसचे कोच माइक कूलबॉ यांचा मारलेला चेंडू लागून मृत्यू झाला आणि त्यानंतर मेजर लीगने बेसवरील कोचना हेल्मेट सक्तीचे केले. हायस्कूलच्या कोचनेही हेल्मेट घालायला संकोचू नये.

५. निवड : नाही म्हणण्याची पद्धत

निवड चाचणीनंतर काही मुलांना वगळावे लागते, आणि वर्षातला सर्वांत जड दिवस तोच असतो. चाचणीपूर्वी निकष लिहून मुलांना व पालकांना द्यावेत. साठ यार्डांची धाव, क्षेत्ररक्षण, फेकीची अचूकता, फलंदाजी आणि कॅचरसाठी दुसऱ्या बेसपर्यंत फेक पोहोचायला लागणारा वेळ, यांचे गुण किमान दोन जणांनी एकमेकांना न विचारता द्यावेत आणि कागद वर्षभर जपून ठेवावेत.

निकाल भिंतीवर यादी लावून किंवा फोनवर संदेश पाठवून कळवू नये. प्रत्येक मुलाला एकेकट्याला भेटून, डोळ्यांत पाहून सांगावे : निवड झाली नाही, कोणत्या दोन गोष्टी कमी पडल्या आणि पुढच्या वर्षी यायचे असेल तर काय करावे लागेल. शेवटच्या वर्षातल्या मुलाला पुढच्या वर्षाचे आश्वासन देता येत नाही, म्हणून त्याच्याशी अधिक वेळ बोलावे. एखाद्याला गुणलेखन किंवा व्हिडिओचे काम देऊ करावे, पण केवळ समजूत घालण्यासाठी नव्हे. खरोखर गरज असेल तरच.

आपल्या समाजात हे आणखी अवघड होते. वगळलेल्या मुलाचे वडील शनिवारी ओक ट्री रोडवर भाजी घेताना भेटतात आणि भाद्रपदात मंडळाच्या गणपतीला त्यांच्याच शेजारी आरतीला उभे राहावे लागते. ओळखीच्या कुटुंबातील मूल चाचणीला येणार असेल तर मुख्य कोचला आधीच सांगावे आणि त्या मुलाचे गुण दुसऱ्याला देऊ द्यावेत. ‘काका, माझे काय झाले?’ असे घरी फोन करून विचारणाऱ्या मुलालाही उत्तर शाळेतच आणि इतरांबरोबरच मिळेल, असे प्रेमाने पण ठामपणे सांगावे.

६. पालकांशी बोलणे

हंगामापूर्वी एक बैठक घेऊन काय बोलता येईल आणि काय नाही, हे लेखी द्यावे. मुलाचे वर्तन, अभ्यास, प्रकृती आणि सुधारणेचा मार्ग यांवर पालकांनी केव्हाही बोलावे. दुसऱ्याचा मुलगा आणि सामन्यातील डावपेच यांवर चर्चा होणार नाही. खेळायला मिळणाऱ्या वेळेविषयी आधी मुलाने स्वतः येऊन विचारावे. सामन्यानंतर चोवीस तास कोणतीही तक्रार ऐकून घेतली जाणार नाही, हा नियम बहुतेक शाळांत आहे आणि तो उपकारक आहे.

महाविद्यालयीन प्रवेशाविषयीच्या अपेक्षा लवकर जमिनीवर आणाव्यात. चार लाखांहून अधिक मुले हायस्कूल बेसबॉल खेळतात, तर २०२५-२६ पासून, खेळाडूंच्या मोबदल्याविषयीच्या न्यायालयीन समझोत्यात सहभागी झालेल्या डिव्हिजन वन (महाविद्यालयीन खेळाच्या सर्वोच्च श्रेणीतील) विद्यापीठांच्या संघांना ३४ खेळाडूंची मर्यादा आहे. तेथे पात्र ठरण्यासाठी हायस्कूलमधील १६ मुख्य विषय पूर्ण असावे लागतात. नववीतच विषयांची निवड चुकली तर बारावीतला वेगवान चेंडू ती भरून काढू शकत नाही.

७. पैसे

शाळा साधारणपणे बस, अंपायरचे मानधन आणि चेंडू यांचा खर्च उचलते. उरलेले पैसे बूस्टर क्लब (संघाला मदत करणारे पालकांचे मंडळ) गोळा करतो. रोख रक्कम स्वतःकडे एक दिवसही ठेवू नका. दुसरी बाब अशी की शिक्षणात लिंगभेदाला मनाई करणाऱ्या १९७२ च्या टायटल नाइन कायद्यामुळे देणगीतून मिळालेल्या सोयींतही मुलींच्या संघांशी समतोल ठेवणे ही शाळेची जबाबदारी असते. बेसबॉलला नवा धावफलक मिळाला आणि सॉफ्टबॉलला नाही, तर ‘पैसे पालकांनी दिले’ हे उत्तर चालत नाही. देणगी स्वीकारण्यापूर्वी अॅथलेटिक डायरेक्टरांशी (शाळेच्या क्रीडाप्रमुखांशी) बोलावे.

८. सामन्याच्या दिवशी

होम प्लेटपाशी अंपायर मुख्य कोचला विचारतो, तुमचे सर्व खेळाडू नियमानुसार सज्ज आहेत काय? ‘हो’ म्हणताच जबाबदारी तुमची होते. म्हणून सामन्यापूर्वी प्रत्येक बॅट हातात घेऊन पाहावी. तिच्यावर बीबीकोरचा (बॅटवरून चेंडू किती वेगाने उसळू शकतो याच्या मर्यादेचा) शिक्का असावा, व्यास २ ५/८ इंचांपेक्षा जास्त नसावा, आणि इंचांतील लांबी व औंसांतील वजन यांत तीनपेक्षा जास्त फरक नसावा. नववीतली मुले आदल्या वर्षीची हलकी बॅट घेऊन येतात, सापळा तेथेच आहे. बेकायदा बॅट घेऊन मुलगा फलंदाजीला उभा राहिला तर तो बाद होतो आणि कोचला डगआउटमध्ये बसून राहावे लागते. हेल्मेटला तडा नाही, आणि कॅचरच्या छातीच्या संरक्षक पट्ट्यावर व चेंडूंवर २०२० पासून आवश्यक असलेला नॉक्सीचा (खेळाच्या साहित्याची सुरक्षा मानके ठरवणाऱ्या संस्थेचा) शिक्का आहे, हेही पाहावे. छातीवर नेमक्या क्षणी बसलेल्या चेंडूने निरोगी मुलाचे हृदय थांबू शकते, त्यासाठी पट्ट्याचे हे मानक आणले गेले.

एईडी कोठे आहे, ते कोण आणेल, रुग्णवाहिकेसाठी फाटकाची किल्ली कोणाकडे आहे आणि ९११ ला मैदानाचा कोणता पत्ता सांगायचा, हे नावांनिशी ठरलेले असावे. यजमान शाळेच्या मैदानावर पोहोचल्यावर पहिला प्रश्न हाच विचारावा. मेघगर्जना ऐकू आली किंवा वीज दिसली की मैदान रिकामे करावे आणि शेवटच्या गर्जनेनंतर ३० मिनिटे थांबावे. मध्ये पुन्हा गडगडले तर मोजणी शून्यापासून सुरू होते. डोक्याला मार लागल्याची शंका आली तरी त्या दिवशी मुलगा परत खेळत नाही आणि डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय पुढेही खेळत नाही. वॉशिंग्टन राज्याने २००९ मध्ये केलेल्या कायद्यानंतर काही वर्षांतच सर्व राज्यांनी असे कायदे केले. सामना बरोबरीत असला तरी यात सूट नाही.

९. हंगाम संपल्यावर

शेवटच्या सामन्यानंतर आठवड्याभरात गणवेश परत घ्यावेत, कारण उन्हाळ्याची सुट्टी लागली की ते मिळत नाहीत. हेल्मेट तपासून बाद ठरलेली वेगळी काढावीत आणि पुढच्या वर्षाची मागणी अॅथलेटिक डायरेक्टरांकडे जूनमध्येच द्यावी. प्रत्येक खेळाडूशी दहा मिनिटे बसून उन्हाळ्यात काय करायचे ते लिहून द्यावे. पिचरच्या कागदावर पहिली ओळ विश्रांतीचे महिने कोणते, ही असावी, आणि तो कागद मुलासोबत त्याच्या ट्रॅव्हल संघाच्या कोचलाही पाठवावा.